आठ मिनिटं पुढे

"किती वाजले?" असं त्यांना विचारायची सोय नव्हती. विचारलं की ते चष्म्याच्या वरून बघायचे आणि म्हणायचे, "कोणाच्या घड्याळात?" नवीन माणूस गोंधळायचा. जुना माणूस कपाळाला हात लावून दुसऱ्या कोणाला तरी विचारायचा. ऑफिसात चहा आणणाऱ्या भैयालाही त्यांनी हा प्रश्न इतक्या वेळा विचारला होता की पुढे पुढे तो त्यांच्या टेबलावर कप ठेवताना आपणहून सांगायचा, "साब, मेरी घड़ी में साढ़े दस." तेवढं ऐकलं की सर खूश व्हायचे.

भाईंदर पश्चिमेला एका सोसायटीच्या तळमजल्यावर आमचं ऑफिस होतं. दोन खोल्या, पाच संगणक आणि एक शेठ. मेडिकल दुकानं, बर्फाचे कारखाने, छोटे दवाखाने यांच्यासाठी आम्ही प्रोग्रॅम लिहायचो. म्हणजे ते लिहायचे, आणि मी त्यांच्या हाताखाली नुकतीच लागलेली, त्यांनी लिहिलेलं बिघडवायचे. सगळे त्यांना सर म्हणायचे. ते मला 'अहो बाई' म्हणायचे. मी तेव्हा कॉलेजातून नुकती बाहेर पडले होते आणि मला त्या 'बाई'चा भयंकर राग यायचा.

वयाने पन्नाशी ओलांडलेले. आकाशी रंगाचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात टेस्टर. लग्न केलंच नव्हतं की केलेलं मोडलं होतं, हे कोणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायची कोणाची टाप नव्हती. डब्यात रोज पोळी आणि उकडलेला बटाटा, वर तिखट-मीठ. "भाजी करण्यात वेळ जातो," म्हणायचे. वाचलेल्या वेळेचं ते काय करायचे देव जाणे.

या माणसाविषयी सांगायचं तर जवळच्याच मुर्धा गावच्या एका मुलीविषयी सांगावं लागतं. तिला मी एकदाच पाहिलं, रांगत होती तेव्हा. आश्लेषा नक्षत्रावर जन्मलेली, बापाला जड, असा शिक्का तिच्या कपाळी बसला होता आणि घरात तिला कोणी धड मांडीवर घेत नव्हतं. तो शिक्का आमच्या प्रोग्रॅममधून उमटला होता, आणि तो पुसायला सर निघाले होते. सरांच्या बाकीच्या गमती मी लोकांना सांगते. ही सांगत नाही. आज सांगते आहे.

पण आधी त्यांचा ट्रान्झिस्टर. तळहाताएवढा, काळा, मागचं झाकण रबराने बांधलेलं. बातम्यांच्या आधी रेडिओवर वेळेचे ठोके वाजतात, त्यासाठी तो. त्यांना बातम्यांशी काही कर्तव्य नसे. ठोके वाजायची वेळ झाली की ते हात वर करायचे आणि ऑफिसात सगळ्यांनी गप्प बसायचं. शेठ फोनवर गिऱ्हाइकाशी बोलत असले तरी गप्प. शेवटचा लांब ठोका पडला की ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे, मान हलवायचे आणि रेडिओ बंद करायचे. सरकार पडलं की टिकलं हे ऐकायला आम्ही कान टवकारलेले असायचे, पण तोवर रेडिओ पिशवीत गेलेला असायचा.

शेठच्या पुतणीच्या लग्नात त्यांनी जे केलं त्याला तोड नाही. पत्रिकेत मुहूर्त छापला होता. सर बरोबर त्या वेळी बोहल्यासमोर हजर. नवरदेव अजून वरातीत नाचत होता. शेवटी वरमाला गळ्यात पडल्या, लोकांनी फुलं उधळली, आणि त्या गलक्यात सरांचा खणखणीत आवाज आला, "चाळीस मिनिटं उशीर!" मुलीच्या आईने वळून असं पाहिलं की मी खुर्ची सोडून उठले. बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, "सर, तुमचा मुहूर्तावर विश्वास तरी आहे का?" तर म्हणाले, "अजिबात नाही. पण पाळायचा तर नीट पाळा, नाहीतर पाळू नका. अर्धवट पाळलेली गोष्ट माणसाला खाते." मला तेव्हा ते फक्त विक्षिप्त वाटले.

आमच्याकडे एका नर्सिंग होमचं काम होतं. भाईंदर पश्चिमेलाच, बाळंतपणाचं. तिथल्या प्रोग्रॅमच्या पोटातच एक छोटा डेटाबेस बसवलेला होता, सगळी माहिती त्यात जमा व्हायची आणि बाळ जन्मलं की नातेवाइकांच्या हातात एक छापील चिठ्ठी मिळायची. आईचं नाव, मुलगा की मुलगी, वजन, जन्मवेळ. यातली जन्मवेळ टाइप करायची सोय सरांनी मुद्दाम ठेवली नव्हती. "माणूस वेळ गोल करतो," ते म्हणायचे. "बारा सत्तावन्नला झालेलं पोर त्याला एकला झालेलं वाटतं. माणसाच्या हातात वेळ द्यायची नाही." म्हणून त्यांनी पडद्यावर एक मोठं बटण केलं होतं. आतून रडणं ऐकू आलं की काउंटरवरच्या सिस्टरने ते दाबायचं, वेळ संगणक स्वतः टाकणार. या बटणाचा त्यांना फार अभिमान होता.

काही दिवसांनी तिथून फोन आला की चिठ्ठ्यांवर भलत्याच वेळा छापल्या जातायत. एका बाईचं बाळ ती दवाखान्यात यायच्या आधीच जन्मलेलं दिसत होतं. एकाचा मुलगा पाडव्याच्या पहाटे झाला आणि कागदावर आदल्या दिवशीची रात्र आली, तेव्हा त्याने काउंटरवर हात आपटून रामायण केलं. सर मात्र हे ऐकून फुलले. "साडेपाच तास," ते म्हणाले. "बरोबर साडेपाच तास मागे. अहो बाई, डेटाबेस खोटं बोलत नाही. तो वेळ ग्रीनिचची धरून ठेवतो, कारण त्याला माहीत नाही तो भाईंदरला आहे. दाखवताना आपण साडेपाच तास मिळवायचे. एका ठिकाणी मिळवायचे राहिले." ते राहिलं होतं माझ्याकडून की त्यांच्याकडून, हे त्यांनी काढलं नाही. चूक कोणाची यात त्यांना कधी रस नसायचा, चूक कुठे आहे एवढंच त्यांना हवं असायचं.

दुरुस्ती करायला आम्ही दोघं नर्सिंग होमवर गेलो ती भर दुपार होती. सर काउंटरवरच्या संगणकाशी बसले. बाजूला बाकावर एक तिशीतला माणूस, उन्हाने रापलेला, मांडीवर मिठाईचा खोका धरून. मुर्ध्याचा होता, मालवाहू जहाजावर खलाशी. पहिलंच मूल, म्हणून सुट्टी घेऊन आला होता. आत त्याची बायको होती आणि बायकोजवळ त्याची आई. तो दर दोन मिनिटांनी उठून दाराशी जायचा आणि मेट्रन त्याला परत पाठवायची. पुरुषांना संध्याकाळी भेटीच्या वेळेतच आत सोडत.

एकच्या ठोक्यांची वेळ झाली म्हणून सरांनी सवयीने रेडिओ काढला, लावला आणि हात वर केला. कोणी गप्प बसलं नाही, ते त्यांचं ऑफिस नव्हतं. आणि आतून रडणं आलं. बारीक, पण कडक. सिस्टरने बटण दाबलं. त्यानंतर थोड्या वेळाने रेडिओचे ठोके पडायला लागले.

मुलगी झाली म्हणून आतून सांगितलं तेव्हा त्या माणसाने पहिली बर्फी आणून सरांच्या हातावर ठेवली. "साहेब, तुमच्या रेडिओच्या आधी आली माझी पोरगी! बघितलंत का?" सरांनाही हसू आलं. सरांना मोकळं हसताना मी क्वचितच पाहिलं, त्यातलं ते एक.

मग प्रिंटरमधून चिठ्ठी आली. सुधारलेल्या प्रोग्रॅमची पहिली चिठ्ठी. साडेपाच तासांचा घोळ गेला होता. जन्मवेळ छापली होती, दुपारी एक वाजून सात मिनिटं. मुलीची आजी ती चिठ्ठी पदराला बांधून लगबगीने बाहेर पडली, आणि सर कोऱ्या पडद्याकडे बघत राहिले. "एक व्हायच्या आधी रडली ना हो?" मला म्हणाले. "मग ही आठ मिनिटं कुठून आली?"

मी म्हटलं, "सर, साडेपाच तास सापडले ना? आठ मिनिटांचं काय एवढं?" ऑफिसात शेठनेही तेच सांगितलं, "अरे साब, आठ मिनट में क्या लुट गया? छोड़ो ने." पण सर सोडणाऱ्यातले नव्हते. नुकताच आपण कोडला हात लावलाय, तर चूक आपल्याच हाताने आत गेली असणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं. डेटाबेसमध्ये तारीख आणि वेळ मिळून एक लांबलचक अपूर्णांक असायचा. तो साठवताना शेवटचे आकडे गळतात का, बाहेर काढताना गोल होतात का, हे तपासायला त्यांनी कोडचे कागद छापून भिंतभर चिकटवले. वेळ आत घालायची, बाहेर काढायची, परत घालायची. आमच्या ऑफिसात ती सेकंदाला सेकंद बरोबर यायची आणि नर्सिंग होममध्ये आठ मिनिटं जास्त. ते रात्री झोपत नसावेत, डोळे तांबडे असायचे. शेठची बाकीची कामं खोळंबली. मला बर्फाच्या कारखान्याचा हिशेब एकटीने करावा लागला म्हणून मी त्यांच्यावर धुमसत होते.

एकदा त्यांनी माझ्यासमोर नर्सिंग होमला फोन केला होता. सिस्टरला विचारलं, "संगणकातलं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळतंय ना?" ती म्हणाली, "हो सर, एकदम सेम." सर समाधानाने फोन ठेवून परत कोडमध्ये घुसले. प्रोग्रॅम बसवला तेव्हा ते संगणकाचं घड्याळ त्यांनी स्वतः रेडिओवर लावलं होतं, त्यामुळे त्यात खोट असेल हे त्यांच्या मनाला शिवलंही नाही. उभ्या गावाला 'कोणाच्या घड्याळात?' विचारणारा माणूस, तेवढ्या एका दिवशी विचारायचं विसरला.

महिना उलटून गेल्यावर ते मला घेऊन पुन्हा तिथे गेले. काउंटरपाशी उभं राहून रेडिओ लावला. शेवटचा ठोका पडला आणि त्यांनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरचं घड्याळ आठ मिनिटं पुढे होतं.

"अहो सर, ते पुढेच असतं," मेट्रन म्हणाली. "ड्यूटीच्या बायका वेळेवर याव्यात म्हणून मुद्दाम ठेवलंय. सगळ्यांना माहितीय. आम्ही मनातल्या मनात वजा करतो."

"आणि संगणक?"

"तो मागे दाखवत होता. कागदावर एक वेळ आणि भिंतीवर दुसरी, मग पेशंटची माणसं भांडतात. म्हणून वॉर्डबॉयने जुळवून दिला."

यात कोणाला दोष द्यायचा? आमच्या घरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असायचं, शेजारच्या काकूंचं पंधरा. घड्याळ पुढे ठेवायचं आणि ते पुढे आहे हे लक्षात ठेवायचं, ही आपली जन्मखोड. नर्सिंग होममध्ये झाडूवालीपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ते माहीत होतं. फक्त संगणकाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सरांनी तर वेळेला माणसाचा हात लागू नये अशी व्यवस्थाच करून ठेवली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी त्यांना म्हणणार होते. त्यांचा चेहरा बघून म्हटलं नाही.

आम्ही निघालो तेव्हा तिथल्या आयामावशी पायऱ्यांपर्यंत आल्या. ख्रिस्ती बाई, तारोडी गावच्या. उत्तनकडून येणाऱ्या बसने यायच्या आणि वाटेत मुर्ध्याला उतरून त्या मुलीला रोज न्हाऊमाखू घालायच्या. "साहेब, तुम्ही त्या दिवशी व्हता ना? रेडिओ लावलेला?" त्या म्हणाल्या. "त्या पोरीला आश्लेषा लागली म्हनतात. भटजींनी चिठ्ठी बघून सांगितलं. एक वाजून चार मिनिटांपर्यंत पुष्य व्हतं, चांगलं. ही सातला झाली. बापाला जड. शांती होईपर्यंत बापानं तोंड बघायचं न्हाय. सत्तावीस दिवस. आन् त्याची बोट तर त्याच्या आधीच सुटनार व्हती. गेला बिचारा, न बघताच. मागनं काकानं शांती उरकली. आमच्यात न्हाय असलं काय, पण त्यांच्यात हाय."

 सर झपाझप ऑफिसपर्यंत चालत आले. मग सरळ शेठसमोर जाऊन उभे राहिले आणि सगळ्या चिठ्ठ्या दुरुस्त करून द्यायला पाहिजेत म्हणाले. शेठने हात जोडले. "साब, वो नर्सिंग होमवाला मेरेको जूता मारेगा. और शांती हो गयी ना? अब क्या?" मीही शेठच्याच बाजूची होते. बाप काय, सहा-आठ महिन्यांनी येईल, बघेल, असं मी म्हटलं. सर जाऊन आपल्या खुर्चीत बसले. त्यांनी भिंतीवरचे कोडचे कागद एकेक करून काढले.

मग त्यांनी एक वेगळंच खूळ घेतलं. दर सोमवारी कामावर येण्याआधी नर्सिंग होमला जायचं आणि तिथलं भिंतीवरचं घड्याळ आणि संगणक, दोन्ही रेडिओवर लावायचं. मंगळवारी मेट्रन दोन्ही परत पुढे करायची. हे पावसाळ्यापर्यंत चाललं. ना त्यांनी सोडलं ना तिने. आम्ही हसायचो. हसण्यासारखंच होतं ते, पंचावन्न वर्षांचा माणूस आठवड्याला एकदा स्टुलावर चढून काटे मागे करतोय. त्यांच्या तोंडून 'कोणाच्या घड्याळात?' मात्र पुन्हा ऐकू आलं नाही. चहावाला भैया आपणहून सांगायचा, ते नुसती मान हलवायचे.

पाऊस ओसरता ओसरता आयामावशी एका दुपारी ऑफिसात आल्या. चप्पल दाराबाहेर काढून उभ्या राहिल्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. मुर्ध्याचा तो खलाशी जहाजावर काम करताना खोल कोठारात पडला होता. गेला होता. "आता तर समदं गाव म्हनतंय, पोरीनं बाप खाल्ला," त्या म्हणाल्या. "आजी तिला हात लावत न्हाय. ती तिची आय रडत बसते. साहेब, तुम्ही व्हता ना तितं? तुम्ही सांगा काय तरी."

सर उठले, पिशवी घेतली. शेठने विचारलं, "किधर?" तोवर ते दाराबाहेर गेले होते. मी का त्यांच्यामागे गेले ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्यांना माणसांशी बोलता येत नाही याची भीती वाटली, एवढं खरं. हा माणूस त्या घरात जाऊन काही तरी भलतंच बोलेल, असं सारखं वाटत होतं.

मावशींना पुढे घालून, आम्ही बसने मुर्ध्याला उतरलो. रस्त्याच्या एका बाजूला नव्या बिल्डिंगचे खांब उभे राहत होते, दुसऱ्या बाजूला खाडीकडे जुनी बसकी घरं. ओट्यावर आजी बसली होती. काटक बाई, हिरवं लुगडं, हातात काही काम नाही. आत भिंतीवर त्याचा फोटो, हार घातलेला. ज्याने बर्फी दिली तोच चेहरा. उंबऱ्याच्या आत मुलगी रांगत होती आणि तिची आई दाराला टेकून उभी होती. मुलगी उंबऱ्यापर्यंत यायची, आजीकडे बघून हात उंचवायची. आजी खाडीकडे बघायची.

सरांनी बोलायला सुरुवात केली आणि मी डोळे मिटले. त्यांनी ग्रीनिचपासून सुरुवात केली! डेटाबेस वेळ कशी धरून ठेवतो, मग साडेपाच तास, मग भिंतीवरचं घड्याळ. आजीच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मी सरांचा शर्ट ओढला. ते थांबले. त्यांनी पिशवीतून रेडिओ काढून ओट्यावर ठेवला, जणू तो साक्षीदार म्हणून आणला होता.

"आजी," ते म्हणाले, "तुमची नात पुष्य नक्षत्रावर झाली. मी तिथे होतो. आधी ती रडली, मग या रेडिओचे ठोके पडले. एक वाजायच्या आधी झाली ती. कागदावरची वेळ चुकीची आहे. ती आमची चूक. आश्लेषा नाही लागली तिला."

 दारातल्या सुनेने तोंडावर पदर धरला. आजीने पहिल्यांदा सरांकडे नीट पाहिलं.

"त्यो पन हेच सांगत व्हता," ती म्हणाली. "रेडिओच्या आधी झाली, आये, रेडिओच्या आधी झाली. मी म्हटलं, गप. कागद कंप्युटरचा हाय, तो काय खोटा असल?"

 तिच्या हाताची बोटं लुगड्याच्या काठावरून फिरत होती.

"म्हंजे तवा त्याला बघू दिलं असतं, तर चाललं असतं?"

मी मनात म्हटलं, सर, काहीही सांगा. माहीत नाही म्हणा. शास्त्र आम्हाला कळत नाही म्हणा. इतकी वर्षं प्रत्येक प्रश्नाला उलटा प्रश्न करत आलात, आजही करा. पण ते म्हणाले, "हो."

आजीने मान खाली घातली. "जायच्या दिशी पिशवी घेऊन हितंच उभा व्हता," ती म्हणाली. "तोंड न्हाय बघत, म्हनला. आये, नुसतं पाय दाव. पाय बघू दे. मी दार लावून घेतलं." तिचा आवाज फुटला नाही, हे मला जास्त लागलं. "शांतीनंतर फोटो काढला. कंपनीच्या पत्त्यावर धाडला. पोचला का न्हाय, कोन सांगनार?"

मला सरांचा त्या क्षणी संताप आला. मुलीच्या कपाळावरचं ओझं उचलून त्यांनी ते त्या म्हातारीच्या छातीवर ठेवलं होतं, आणि तिला ते आता मरेपर्यंत पेलायचं होतं. तिने आम्हाला हाकलून दिलं असतं, तुमचा रेडिओ खोटा म्हटलं असतं, तरी मी तिला दोष दिला नसता. तिच्या सोयीचं तेच होतं. आश्लेषा खरी धरली तर तिने मुलाला वाचवायचा प्रयत्न केला होता. पुष्य खरं धरलं तर तिने त्याच्या तोंडावर उगाच दार लावलं होतं.

म्हातारीने सुनेकडे पाहिलं. "आन तिला हिकडं."

सून जागची हलली नाही. तिला खरं वाटलं नसावं. तेव्हा आजी स्वतःच पुढे वाकली, उंबऱ्यावरून मुलीला उचललं आणि मांडीवर घेतलं. मुलीने लगेच तिच्या गळ्यातली काळी पोत धरून ओढली. "हिचा काय दोष न्हाय," आजी मावशींना म्हणाली, आणि शेजारच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात परत म्हणाली, "हिचा काय बी दोष न्हाय. माजा हाय." मग तिने मुलीचं अंगडं वर सरकवलं आणि तिची पावलं आपल्या दोन्ही हातांत धरून बसली. आमच्याकडे तिने पुन्हा पाहिलं नाही.

सरांनी त्यानंतर काही महिन्यांत नोकरी सोडली. पेणकडे बहिणीकडे राहतात असं कळलं, नंतर तेही कळेनासं झालं. शेठने ऑफिस विकलं. तिथे आता केकचं दुकान आहे. मी पुढे मोठ्या कंपन्यांत काम केलं, आणि चुकीच्या वेळा दाखवणारे किती तरी प्रोग्रॅम दुरुस्त केले. नवीन मुलं आली की मी त्यांना पहिल्यांदा मशीनसमोरून उठवते आणि भिंतीकडे बघायला लावते. ती मला विक्षिप्त म्हणतात, हे मला माहीत आहे.

त्या दिवशी मुर्ध्याहून परत येताना बस लवकर आली नाही. मावशी तिथेच थांबल्या होत्या. आम्ही दोघं रस्त्याकडेला, जुन्या मिठागराच्या बांधावर बसलो. मला वाटलं, आता सर काही तरी शहाणपणाचं बोलतील, अर्धवट पाळलेली गोष्ट माणसाला खाते वगैरे. मी भांडायच्या तयारीत होते. ते चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत राहिले.

"अहो बाई," शेवटी म्हणाले, "मी ती आठ मिनिटं कोडमध्ये शोधत बसलो होतो ना, भिंतीवर कागद लावून. तेव्हा तो इथेच होता. रोज इथेच होता, त्या घरात. बसने यायला मला कितीसा वेळ लागला असता?"

 ठोक्यांची वेळ झाली असावी, कारण त्यांचा हात आपोआप पिशवीत गेला. रेडिओ त्यांनी बाहेर काढला, थोडा वेळ हातात धरला आणि न लावताच परत आत ठेवला.